चौथीची हजेरी

आईच्या कपाटात अजून ती हजेरीवही आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, शाळेत असते तशी. डावीकडे नावांचा रकाना, पुढे तारखांची बारीक घरं. फक्त नावांच्या जागी मुलं नाहीत. तिथे आईच्या गोल, सुट्या अक्षरांत लिहिलं आहे : बारकं पिवळं. वाघाच्या पट्ट्यांचं. काळं, कावळ्यासारखं. वाळकं पान. लिंबाच्या झाडावरचं. आणि सगळ्यात खाली, ज्याच्यापुढे वर्षभरात एकच खूण आहे ते : शाईचे डाग पडलेला कागद.

या वहीतला एक दिवस खोटा आहे. तो मी भरला.

आई मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नोकरीची शेवटची वर्षं ती पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या एका गावात होती. गोवा घटक राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी जन्मले. मी शाळेत जायच्या वयाची होईतो मोठी माणसं मराठी की कोकणी यावर तावातावाने भांडत होती, आणि भांडून झाल्यावर पोरांना इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवत होती. माझ्या वडिलांनीही तेच केलं. मराठी शाळेच्या बाईची मुलगी टाय लावून डिचोलीला जाते, हे गावाने आईला वर्षानुवर्षं ऐकवलं. ती हसून ऐकून घ्यायची. मला मात्र त्या टायचीही लाज वाटायची आणि घरी आल्यावर आईच्या शाळेचीही.

तिच्या शाळेतली मुलं कमी होत गेली. शेवटी चारही वर्ग मिळून इतकीच राहिली की शाळा बंद होणार हे दिसू लागलं. तेव्हा कोणीतरी तिला सुचवलं, की जी पोरं इंग्रजीत गेली त्यांची नावं काढू नका, अधूनमधून हजर लावा, वर्षभर तरी शाळा टिकेल. आईने नावं काढली. शाळा बंद झाली. "हजेरी खोटी लावली की पोर कुठे आहे तेच कळत नाही," एवढंच ती म्हणाली होती. हे मी पुढे इतक्यांदा ऐकलं होतं की ते ऐकू येईनासं झालं होतं.

वडील गेले, ती निवृत्त झाली, आणि लाटंबार्स्याच्या घरात एकटी राहू लागली. मी म्हापशाला एका कार्यालयात नोकरी करायचे, तिथेच खोली घेऊन राहायचे, शनिवारी बसने घरी यायचे. एका शनिवारी ती म्हणाली, "मी नाव दिलंय." फुलपाखरांची गणना होणार होती आणि त्यासाठी गावोगावचे स्वयंसेवक हवे होते. पंचायतीत लावलेला कागद वाचून ती साठी ओलांडलेली बाई एकटीच प्रशिक्षणाला जाऊन आली होती. तिथे बाकी सगळी कॉलेजची मुलं होती म्हणे.

काम साधं होतं. एकाआड एक रविवारी, सकाळी उन्हं तापायच्या आत, ठरलेल्या एकाच वाटेने, ठरलेल्या संथ चालीने चालायचं. समोर आणि दोन्ही बाजूंना पाचेक पावलांच्या आत दिसेल तेवढंच मोजायचं. मागून उडत आलेलं मोजायचं नाही. काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं. हा शून्याचा नियम आईला फार आवडला. "गैरहजेरी लिहिली नाही तर हजेरीला अर्थ काय?"

वाटेचे चार भाग करायचे होते. रस्त्यावरच्या मोरीपासून सुरुवात, मग शेताचा बांध, मग काजूचा चढ, आणि शेवटी काजूच्या बागेच्या टोकाला व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्यालगत, घाणेरीचं मोठं रान. आईने त्या भागांना पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशीच नावं दिली. चौथीचा वर्ग सगळ्यात मोठा. घाणेरीच्या फुलांवर तिथे इतकी गर्दी असायची की आई बोट उचलून मोजायची आणि चक्क ओरडायची, "हलू नका रे!"

गावाला गंमत वाटली. वाटेत कोणी भेटलं की विचारायचं, "बाई, आज किती हजर?"

"एक तुम्ही, बाकी फुलपाखरं," आई म्हणायची.

"बाई आतां पिसोळ्यांची हजेरी घेता गो!" बायका एकमेकींना सांगायच्या. पिसोळें म्हणजे फुलपाखरू. आई त्यांच्यासोबत हसायची. मी चार पावलं मागे, वही छातीशी धरून उभी असायचे. मला वाटायचं, आता पुरे, चल पुढे.

माझं काम होतं फॉर्म भरायचं. फॉर्म मोबाइलवर, इंग्रजीत. आई वहीत तिच्या नावांनी लिहायची, घरी आल्यावर आम्ही चित्रांची पुस्तिका उघडून तिच्या नावासमोर इंग्रजी नाव शोधायचो, आणि मी ते आकडे फॉर्ममध्ये घालायचे. बारकं पिवळं म्हणजे कॉमन ग्रास यलो, कावळ्यासारखं म्हणजे कॉमन क्रो. तिची नावं मला बालवाडीतली वाटायची. ती फॉर्ममध्ये दिसत नाहीत याचं मला बरं वाटायचं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती व्हाळापाशी एकदम थांबली. मी वहीत डोकं घालून होते. "बघ, बघ," तिने कुजबुजत म्हटलं. मी वर पाहिलं तोवर झाडांत काही नव्हतं. ती म्हणाली, मोठं होतं, पांढरं, काळ्या ठिपक्यांचं, आणि उडत नव्हतं, तरंगत होतं. "शाईचे डाग पडलेला कागद कोणीतरी वरून सोडल्यासारखा." घरी तिने पुस्तिकेतल्या एका चित्रावर बोट ठेवलं. मलबार ट्री निम्फ. खाली लिहिलं होतं, घनदाट जंगलात आढळते.

"आई, हे जंगलातलं असतं."

"मग चुकून आलं असेल. शाळेतही नाही का येत दुसऱ्या गावची पोरं, मामाकडे राहायला आलेली?"

तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीखही दिली होती. तिने वहीत कागद लिहिला. मी फॉर्ममध्ये ब्लू टायगर लिहिलं, जे त्या महिन्यात सगळीकडे होतं. तिला सांगितलं नाही. तिकडची शिकलेली माणसं तिला हसतील, आणि मी तिची अब्रू राखते आहे, असं मला खरोखर वाटलं होतं.

डोळ्याची शस्त्रक्रिया झाली ती फेब्रुवारीत, एका गुरुवारी. रविवारी वाट चालायची होती. डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली होती. आईने वही माझ्या हातात दिली. "तू जा. आता तुला सगळी ओळखतात."

एकटीने मी ती वाट कधीच चालले नव्हते. आई पुढे असली की लोक तिच्याशी बोलायचे. त्या दिवशी मोरीपाशी लाकडाच्या मोळ्या टेकवून दोघी बायका बसल्या होत्या. मी संथ चालत, झुडपांत बघत त्यांच्यासमोरून निघाले.

"कितें सोदता गो बाय? कानांतलें सांडलें?" काही हरवलंय का, असं त्या विचारत होत्या.

मी मान हलवली.

"बाईची धूव ती," मी कोणाची मुलगी ते दुसरीने सांगितलं. "इंग्लिशींतली. तिका आमचें कळना."

त्या हसल्या. वाईट काही नव्हतं त्या हसण्यात. मला सगळं कळत होतं, आणि एक शब्द बोलले असते तर त्यांनी मला बसवून घेतलं असतं. पण माझे कान तापले. पहिली कशीबशी संपवली, तीन पिवळी आणि एक काळं. बांधावर पुढे आणखी माणसं दिसत होती. मी तिथेच वळले, आडोशाला फणसाखाली बसले, आणि वही उघडली. आदल्या वेळचे आकडे शेजारच्याच रकान्यात होते. दुसरीत ते एकाने कमी केले, तिसरीत दोनाने. चौथीत एकूण एकोणतीस होते. तिथे एकतीस केले. वाढवले का, ते मला आजही सांगता येत नाही. आईला बरं वाटावं म्हणून असेल. तासभर तिथेच बसले, कारण वाट चालायला तासभर लागतो.

आई जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून, खाटेवर पडली होती, डोळ्यांवर काळा चष्मा.

"चौथीत किती?"

"एकतीस."

"एकतीस?" ती उठून बसली. "मी नव्हते तरी सगळे आले बघ."

दुपारी मी फॉर्म भरून पाठवून दिला.

पुढच्या खेपेला ती ऐकेना. काळा चष्मा लावून, माझं कोपर धरून निघाली. पहिली, दुसरी, तिसरी झाली. चौथीपाशी पोचलो आणि माझे पाय थांबले. घाणेरी नव्हती. व्हाळापर्यंत नुसती तांबडी जमीन, बुंध्यांचे खुंट, आणि कडेला रचलेले काटक्यांचे ढीग. त्यांवरची पानं वाळून तपकिरी झाली होती. काजू पडायला लागायच्या आधी झाडांखालचं रान साफ करतात, म्हणजे पडलेली बोंडं दिसतात. दर वर्षी करतात. मी याच गावात वाढले आणि मला ते आठवलं नव्हतं.

बागेत कामाला असलेला कोल्हापूरकडचा माणूस कोयता घेऊन आला. "काय बाई, डोळं बरं झालं का?"

"बरे आहेत. हे कधी तोडलंत हो?"

"झालं की सोळा दिस. त्या शुक्कारी."

"शुक्रवारी? नक्की?"

"शुक्कारीच. म्हापशाचा बाजार बुडाला न्हवं का माझा. बायको अजून बोलतीया."

सोळा दिवस. मी चौदा दिवसांपूर्वीच्या रविवारी इथे एकतीस फुलपाखरं पाहिली होती. आईने वही मागून घेतली, पहिल्या तीन वर्गांसारखं माझ्याकडून लिहून घेतलं नाही, स्वतःच चौथीखाली शून्य काढलं. मोठं, नीट, शाळेत काढतात तसं.

परत येताना बांधावर तिने विचारलं, "त्या दिवशी चौथीत किती म्हणालीस?"

काळ्या चष्म्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते. ती मला कबूल करायला वाव देत होती, हे मला तेव्हाही कळलं.

"एकतीस," मी म्हटलं.

"बरं."

मी म्हापशाला परतले. बुधवारी तिचा फोन आला. डोळ्यात थेंब घातले, शेजारच्यांची गाय व्याली, वगैरे. शेवटी म्हणाली, "आणखी काही?"

"नाही," मी म्हटलं. तिने फोन ठेवला.

त्याच शनिवारी म्हापशात स्वयंसेवकांची बैठक होती. आई बसने आली, इस्त्रीची साडी नेसून, वही पिशवीत घालून. गणनेचं काम बघणारी मुलगी माझ्याच वयाची, केरळची, नुकतीच गोव्यात आलेली. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. आई तिला मॅडम म्हणायची.

पडद्यावर एकेका वाटेची माहिती येऊ लागली. विशेष काय दिसलं, कुठे दिसलं. आई माझ्याकडे झुकली. "आता कागदाचं सांगतील."

"वेळ कमी असेल," मी म्हटलं.

कागदाचं कोणी काही सांगितलं नाही. पण थोड्या वेळाने आमची वाट पडद्यावर आली. गेल्या रविवारचे आकडे त्यात अजून धरलेले नव्हते. मॅडम उत्साहाने सांगू लागल्या. काजूच्या बागांतलं रान तोडल्यावर सगळ्या वाटांवर आकडे खाली आले, फक्त या एका वाटेच्या शेवटच्या भागात वर गेले. इथे काहीतरी वेगळं घडतं आहे. पुढच्या महिन्यात आपण सगळे ही वाट बघायला जाऊ या. लोक मागे वळून आईकडे बघत टाळ्या वाजवू लागले. आईने हात जोडले नाहीत. दोन्ही हात पिशवीवर घट्ट धरून ती समोर बघत होती.

चहाच्या वेळी ती उठली आणि सरळ मॅडमकडे गेली. मी मागून गेले. बाकीचे दूर, खिडकीपाशी होते.

"मॅडम, त्या दिवसाची हजेरी खोटी आहे," आई म्हणाली. मराठीत, स्वच्छ, वर्गात बोलतात तसं. "चौथीत त्या दिवशी झुडूपच नव्हतं. आम्ही तिथे गेलो नाही. न बघता लिहिलं. तो दिवस काढून टाका."

आम्ही, म्हणाली ती. मॅडमनी हसून माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर करावं म्हणून त्या थांबल्या होत्या.

इंग्रजीत मला कधी शब्द शोधावे लागत नाहीत. मी म्हटलं, आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्या दिवसाच्या मोजणीबद्दल तिला खात्री वाटत नाही.

मॅडमनी आईचा हात हातात घेतला. ओह आंटी, त्या म्हणाल्या, डोंट वरी, या वयात असं होतंच, आम्ही तेवढा एक आकडा तपासून घेऊ. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात सोडवून घेतला आणि चहा न घेता जागेवर जाऊन बसली.

घरी जाताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. अस्नोडा आल्यावर बाहेर बघत म्हणाली, "आय म्हणजे डोळा. चित्र काढून शिकवायचे मी पहिलीला."

मला वाटलं ती आणखी काही बोलेल. बोलली असती तर सोपं झालं असतं.

त्यानंतरच्या मोजणीच्या रविवारी मी उठले तेव्हा ती वाटेवर निघून गेली होती. परत आली, हातपाय धुतले, आणि जेवणाच्या मेजापाशी मोबाइल घेऊन बसली. फॉर्म तीच भरत होती. पुस्तिकेतलं नाव बघायचं, एक अक्षर शोधायचं, दाबायचं, पुन्हा पुस्तिकेत बघायचं. "सी, ओ, एम, एम..." मी आतल्या खोलीत ऐकत होते. मी दारापर्यंत आले. "मी भरू?"

"नको. येतंय मला."

मला पंधरा मिनिटं लागायची. तिला दुपार झाली. तिचा कॉमन क्रो लिहून होईतो मी दोनदा पाणी प्यायला गेले.

सोमवारी कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीत, मी मॅडमना मेल लिहिला. चार ओळी. त्या दिवशी वाट मी चालले होते, आई नाही. पहिलीनंतर मी परत फिरले. बाकीचे आकडे मी बनवले. आईच्या डोळ्याचा याच्याशी संबंध नाही, तिने तुम्हाला खरं सांगितलं होतं, मी ते बदललं. डबा तसाच राहिला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मी ते शनिवारी घरी जाईपर्यंत जपून ठेवलं. आई ओसरीवर कदेलीत, जुन्या लाकडी खुर्चीत, बसून कुळीथ निवडत होती. मी मोबाइल काढला, आधी माझा मेल मराठीत सांगितला, मग उत्तर. मॅडमनी तो दिवस काढला होता. वाट बघायला जायचं रद्द केलं होतं. आईची त्यांनी माफी मागितली होती. आणि शेवटी लिहिलं होतं, की असा आणखी कुठला दिवस असेल तर आताच कळवा. तसा नसेल, किंवा असून दुरुस्त झाला, तर आईंची वाट पुढे चालू राहील. पण मागाहून आम्हाला सापडला, तर मात्र पूर्ण वर्षाचे आकडे काढून टाकावे लागतील.

मी थांबले. आईने सुपातला हात थांबवला.

"सगळं वाचलंस?"

आयुष्यात तिने मला हे कधी विचारलं नव्हतं. लाइटच्या बिलापासून डॉक्टरांच्या कागदापर्यंत इंग्रजीतलं सगळं मी सांगायचे आणि ती मान डोलवायची.

मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने वाचायचा चष्मा लावला आणि एकेका शब्दाखाली बोट धरत वाचायला लागली. ओठ हलत होते. खूप वेळ लागला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "एनी अदर डे," तिने मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "आहे का दुसरा कुठला?"

नाही म्हणता आलं असतं. वही तिच्या कपाटात होती, फॉर्म तिकडे. दोन्ही कधी शेजारी ठेवले जाणार नव्हते.

"एक आहे," मी म्हटलं. "नोव्हेंबरातला. तुझा कागद."

तिला कळेना. मी पुन्हा सांगितलं. ती उठली, आत जाऊन वही घेऊन आली, नोव्हेंबर काढला, आणि त्या एकुलत्या एका खुणेवर बोट ठेवलं.

"हे मी लिहिलंय."

"हो."

"आणि तिकडे?"

"ब्लू टायगर."

तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. चष्मा स्वच्छच होता.

"म्हणून कोणी काही विचारलं नाही," ती म्हणाली.

मग तिने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "लिही. मी सांगते तसं. मराठीतच लिही, इंग्रजी करून घेतील त्या कोणाकडून तरी."

मी कुणालाही असं मराठीत कधी लिहिलं नव्हतं. मोबाइलवरची मराठी अक्षरं मला पटापट सापडेनात. आई सांगत होती, एकेक वाक्य, मध्ये थांबून, शुद्धलेखन घालतात तसं. मोठं, पांढरं, काळ्या ठिपक्यांचं. व्हाळाच्या वर, झाडांच्या उंचीला. एक. मी बघितलं.

लिहून झाल्यावर तिने मोबाइल हातात घेतला आणि पाठवायच्या आधी दोनदा वाचून बघितलं.